काहींकडे उघडते, काहींकडे उघडत नाही: पासवर्ड लावलेल्या सादरीकरणाचा दोष कसा शोधावा

केंद्राच्या (म्हणजे परिसरातल्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेसाठी पॉवरपॉइंटचे सादरीकरण तयार होते, त्यात विद्यार्थ्यांची नावे आणि गुण असल्यामुळे त्याला पासवर्ड लावला जातो आणि आदल्या दिवशी ते शाळांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले जाते. बहुतेक शाळांमध्ये ते उघडते. दोन-चार ठिकाणांहून मात्र फोन येतो, "सर, फाइल उघडूनच नाही राहिली." मग तीच फाइल पुन्हा पाठवली जाते, तरी उघडत नाही, पासवर्ड बदलून पाठवली जाते, तरी उघडत नाही, आणि शेवटी वेळ निघून जाऊ नये म्हणून पासवर्ड काढून, सगळ्या नावांसह, तीच फाइल गटावर टाकली जाते. कृषी विभागाच्या गावपातळीवरच्या प्रशिक्षणातही असेच घडते: गुलाबी बोंडअळीवरच्या स्लाइडच्या शेवटी लाभार्थी शेतकऱ्यांची यादी जोडलेली असते आणि तिच्यासाठी लावलेले कुलूप पहिल्याच अडचणीला काढून टाकले जाते. ज्यांची माहिती त्या फाइलमध्ये आहे त्यांच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट शेवट आहे, आणि तो टाळता येण्यासारखा आहे. दोष कोठे आहे हे क्रमाने पाहिले तर बहुतेक वेळा पासवर्डला हात न लावता काम होते.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करावी. पाठवलेली प्रत, पाठवणाऱ्याचा संगणक सोडून, दुसऱ्या एका तरी संगणकावर त्याच पासवर्डने उघडली आहे काय? येथे "पाठवलेली प्रत" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण पाठवणारा पुष्कळदा स्वतःच्या संगणकावरची मूळ फाइल उघडून पाहतो आणि "माझ्याकडे तर उघडते" असे सांगतो. त्याने गटावर गेलेली फाइल पुन्हा उतरवून घेऊन ती उघडून पाहावी. ती एका ठिकाणी उघडली तर फाइल शाबूत आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. यापुढे फाइल पुन्हा पाठवण्यात किंवा पासवर्ड बदलण्यात काहीच अर्थ नाही. शोधायचा आहे तो जेथे उघडते आणि जेथे उघडत नाही त्या दोन ठिकाणांमधला फरक, आणि तो तीनच जागी असू शकतो: टंकलेल्या पासवर्डात, उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये किंवा त्या माणसाच्या हाती पोहोचलेल्या प्रतीत.

फोनवर पहिला प्रश्न

"उघडत नाही" एवढ्या सांगण्यावर काहीही करू नये. समोरच्याला शांतपणे विचारावे, "पासवर्ड टाकायची चौकट येते का?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढची सगळी वाट ठरते. चौकट येते आणि पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश दिसतो, असे उत्तर आले तर प्रोग्राम त्या फाइलला ओळखतो आहे. अडचण टंकनात आहे. चौकट येतच नाही, फाइल खराब आहे किंवा हा प्रकार चालत नाही असे काही दिसते, असे उत्तर आले तर अडचण प्रोग्राममध्ये किंवा प्रतीत आहे. आणि फाइल उघडते, पण त्यात बदल करता येत नाही किंवा मराठी अक्षरांऐवजी भलतीच अक्षरे दिसतात, असे उत्तर आले तर ती वेगळीच बाब आहे, तिचा उल्लेख पुढे केला आहे. शक्य असेल तर संदेशाचा फोटो मागवावा. सांगणारा आपल्या समजुतीप्रमाणे संदेशाचा सारांश सांगतो आणि त्यात नेमका कामाचा शब्द गळतो.

पासवर्ड चुकीचा असल्याचे दिसत असेल तर

पासवर्डाच्या चौकटीत ठिपके दिसतात, अक्षरे दिसत नाहीत, हीच येथली मोठी गैरसोय आहे. म्हणून समोरच्याला नोटपॅड उघडून त्यात पासवर्ड टंकायला सांगावे आणि जे दिसते ते एकेक अक्षर वाचून दाखवायला सांगावे. बरोबर दिसल्यास तेथून कॉपी करून चौकटीत चिकटवावे. एवढ्याने बऱ्याच जणांचे काम होते, कारण कॅप्स लॉक चालू राहिलेला असतो, नम लॉक बंद असल्यामुळे उजवीकडच्या कळांवरून अंक उमटत नसतात किंवा मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो. पॉवरपॉइंट लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानतो, हे समोरच्याला माहीत आहे असे गृहीत धरू नये.

आपल्या कार्यालयांमध्ये याहून खोल अडचण आहे ती मराठी टंकनाची. अजूनही अनेक ठिकाणी कृतिदेव किंवा त्यासारखे जुने फाँट वापरले जातात. कृतिदेवमध्ये "मराठी" हा शब्द उमटवताना प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच या इंग्रजी कळा दाबलेल्या असतात. पडद्यावर जी मराठी अक्षरे दिसतात ती केवळ फाँटची किमया असते. अशी सवय असलेल्या व्यक्तीने पासवर्डाच्या चौकटीत "मराठी" टंकले तर तेथे फाँट लागू होत नाही आणि पासवर्ड म्हणून ती पाच इंग्रजी अक्षरे नोंदली जातात. टंकणाऱ्याला ठिपके दिसतात, त्यामुळे त्याला याची कल्पना येत नाही. तो सर्वांना "पासवर्ड मराठी असा आहे" असे कळवतो. ज्यांच्याकडे कृतिदेवची तीच सवय आहे त्यांच्याकडे फाइल उघडते, आणि युनिकोड (ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो) कीबोर्ड वापरणाऱ्या तरुण शिक्षिकेकडे ती कितीही प्रयत्न केला तरी उघडत नाही. काहींकडे उघडते आणि काहींकडे नाही, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणार नाही. उपाय सोपा आहे: पासवर्ड लावणाऱ्याने कोणत्या कळा दाबल्या हे विचारावे आणि इंग्रजी कीबोर्डवर त्याच कळा दाबाव्यात.

दोघेही युनिकोड वापरत असले तरी देवनागरी पासवर्ड सुरक्षितपणे पोहोचेलच असे नाही. "शेतकऱ्यांसाठी" या शब्दातला "ऱ्या" दोन रीतींनी टंकता येतो: एका रीतीत "ऱ" हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि "य" असतात, तर दुसरीत साधा "र", हलन्त, एक न दिसणारे जोडचिन्ह आणि "य" असतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कागदावरही सारखेच छापले जातात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. अंकांचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये इंग्रजी एकचा क्रमांक ४९ आहे आणि देवनागरी एकचा २४०७ आहे. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून टंकलेला देवनागरी अंक आणि संगणकाच्या कीबोर्डवरचा इंग्रजी अंक वाचणाऱ्याला एकच असला तरी पासवर्ड म्हणून तो एक नव्हे. मराठीत व्यवहार व्हावा असे मनापासून वाटत असले तरी पासवर्डापुरता रोमन लिपीचा आणि इंग्रजी अंकांचाच आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पासवर्ड बिघडण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे व्हॉट्सॲपचा संदेश. व्हॉट्सॲपवर एखाद्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन असेल तर तो शब्द ठळक दिसतो आणि तारांकने दिसेनाशी होतात; अंडरस्कोर असेल तर शब्द तिरपा होतो, टिल्ड असेल तर त्यावर रेघ येते. पासवर्ड मजबूत व्हावा म्हणून कोणी त्याच्या मागेपुढे तारांकन लावले असेल तर संदेश वाचून टंकणाऱ्याला ती चिन्हे दिसतच नाहीत. त्याशिवाय मोबाइलचा कीबोर्ड वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, वर्डमध्ये टंकताना साध्या जोडरेषेची कधी लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात, आणि कॉपी करताना शब्दाच्या शेवटी एक रिकामी जागा किंवा पूर्णविराम सोबत येतो. पासवर्डात ॲट किंवा हॅश ही चिन्हे असतील तर कीबोर्डची भाषा ब्रिटिश इंग्रजी आहे की अमेरिकन, हेही पाहावे. ब्रिटिश मांडणीत ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते आणि तीनच्या कळेवर हॅशऐवजी पौंडाचे चिन्ह असते. नोटपॅडची चाचणी या सगळ्याला पुरते.

पत्रात छापलेल्या पासवर्डाबाबत एवढेच सांगतो की शून्य आणि ओ, तसेच एक, लहान एल आणि मोठा आय ही अक्षरे छापील कागदावर, त्यातून झेरॉक्सच्या प्रतीवर, ओळखू येत नाहीत. ती पासवर्डात नसलेलीच बरी.

पासवर्ड विचारलाच जात नसेल तर

येथे फाइलच्या आतली रचना थोडी समजून घ्यावी लागते. सन २००७ पासून पॉवरपॉइंटची फाइल .पीपीटीएक्स या प्रकारात साठवली जाते आणि ती वास्तविक एक झिप फाइल, म्हणजे अनेक फाइलींचे एकत्र बांधलेले गाठोडे, असते. परंतु तिला उघडण्याचा पासवर्ड लावला की ती झिप राहत नाही: सगळा मजकूर कूटबद्ध (पासवर्डाशिवाय वाचता न येणारा) होऊन एका वेगळ्या वेष्टनात जातो, आणि हे वेष्टन जुन्या .पीपीटी फाइलच्या वेष्टनाच्याच जातीचे असते. नाव .पीपीटीएक्स, बाहेरून रूप मात्र जुन्या प्रकाराचे, अशी तिची स्थिती होते. ज्या साध्या प्रोग्रामांना ही व्यवस्था कळत नाही ते पासवर्ड विचारण्याऐवजी फाइल खराब असल्याचे सांगतात, आणि वापरणारा ते खरे मानतो. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या तक्रारींत हे कारण फार मोठे आहे, कारण तेथे सादरीकरण पहिल्यांदा उघडले जाते ते मोबाइलवर.

मोबाइलवर व्हॉट्सॲपमधल्या फाइलवर बोट ठेवले की ती फोनमधल्या एखाद्या ॲपकडे सोपवली जाते. कोणत्या ॲपकडे, हे वापरणाऱ्याने कधी तरी "नेहमी" असे निवडून ठरवून टाकलेले असते आणि नंतर तो ते विसरलेला असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन त्या ॲपची डीफॉल्ट म्हणून केलेली निवड काढून टाकावी, म्हणजे पुढच्या वेळी फोन पुन्हा विचारेल, आणि तेव्हा पॉवरपॉइंटचे ॲप निवडावे. तेथेही चौकट आली नाही तर मोबाइलचा नाद सोडून संगणकाकडे वळावे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पॉवरपॉइंटवर पासवर्ड लावलेल्या फाइलसाठी विसंबू नये. संगणकावर बसवलेला प्रोग्राम हाच खात्रीचा मार्ग आहे. शाळेच्या संगणकावर विकत घेतलेले मायक्रोसॉफ्ट ऑफिस (पॉवरपॉइंट त्याचाच भाग आहे) नसेल तर लिबरऑफिस हे तसेच काम करणारे सॉफ्टवेअर मोफत बसवता येते. त्याच्या नव्या आवृत्त्या पासवर्ड लावलेली .पीपीटीएक्स फाइल पासवर्ड विचारून उघडतात.

संगणकावरही अडचण येत असेल तर ऑफिसची आवृत्ती पाहावी. २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत फाइल आणि मग अकाउंट येथे, २०१० मध्ये फाइल आणि मग हेल्प येथे, तर २००७ मध्ये डाव्या कोपऱ्यातल्या गोल बटनातून पॉवरपॉइंट ऑप्शन्समध्ये गेल्यावर रिसोर्सेस येथे ती दिसते. अनेक शाळांमध्ये अजून ऑफिस २००७ आहे, ज्याचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबवला. २०१० पासून कूटबद्ध करण्याची पद्धत बदलली, आणि नव्या पद्धतीची फाइल ऑफिस २००७ मध्ये उघडण्यासाठी त्यावर सर्व्हिस पॅक २ हा सुधारणांचा संच बसवलेला असणे आवश्यक आहे. तो नसेल तर पासवर्ड अचूक असूनही उपयोग होत नाही. त्याहून जुन्या ऑफिस २००३ ला .पीपीटीएक्स मुळातच कळत नाही, आणि पॉवरपॉइंट २००० किंवा त्याआधीच्या आवृत्तीत तर पासवर्डाची सोयच नव्हती. ती २००२ च्या आवृत्तीत आली. कोठे कोठे कपाटातल्या सीडीवरून बसवलेला मोफत पॉवरपॉइंट व्ह्यूअर आढळतो. मायक्रोसॉफ्टने तो एप्रिल २०१८ मध्ये मागे घेतला आहे, त्यावर वेळ घालवू नये.

कधी कधी मदत करण्याच्या हेतूने कोणी तरी फाइलच्या नावातले शेवटचे एक्स अक्षर काढून तिला .पीपीटी करते आणि पुढे पाठवते. नाव बदलल्याने प्रकार बदलत नाही, केवळ गोंधळ वाढतो. विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू या भागात फाइल नेम एक्स्टेन्शन्स हा पर्याय चालू केला म्हणजे पूर्ण नाव दिसते आणि ते दुरुस्त करता येते.

येथे आपल्या हाती एक चांगली परीक्षा आहे. फाइलची एक प्रत घ्यावी, तिचे नाव बदलून शेवटी .झिप करावे आणि ती उघडून पाहावी. आत फोल्डर दिसले तर त्या फाइलला उघडण्याचा पासवर्ड नाहीच. कोणी तरी पासवर्ड काढलेली किंवा फक्त बदलासाठी पासवर्ड लावलेली प्रत फिरते आहे. झिप म्हणून उघडली नाही तर ती कूटबद्ध आहे किंवा खरोखर तुटलेली आहे. या दोहोंतला फरक फाइलच्या आकारावरून कळतो. जेथे उघडते तेथे आणि जेथे उघडत नाही तेथे, दोन्हीकडे फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये साइझसमोरचा कंसातला बाइटचा पूर्ण आकडा वाचावा. "दोन एमबी" असे मोघम सांगून चालणार नाही. शेवटच्या अंकापर्यंत आकडा जुळला पाहिजे. जुळला नाही तर प्रत अपुरी आहे किंवा ती वेगळीच फाइल आहे. आकडा जुळला म्हणून आतला मजकूर शाबूत आहे असे शंभर टक्के म्हणता येत नाही, विशेषतः जुन्या पेनड्राइव्हच्या बाबतीत, पण नेहमीच्या कामाला ही परीक्षा पुरेशी आहे.

प्रत अपुरी राहण्याचे कारण आपल्याकडे बहुधा वीज असते. पेनड्राइव्हवर उतरवणे चालू असताना वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपलेली असते. किंवा पुढच्या गावाला जायची घाई असल्यामुळे इजेक्ट न करताच पेनड्राइव्ह काढला जातो. पासवर्ड नसलेली .पीपीटीएक्स फाइल थोडी बिघडली तर पॉवरपॉइंटचा रिपेअर हा पर्याय तिच्यातल्या काही स्लाइड वाचवू शकतो. कूटबद्ध फाइलच्या बाबतीत ती आशा फार कमी असते. दुरुस्तीच्या मागे न लागता मूळ ठिकाणाहून नवी प्रत घ्यावी. ईमेलने पाठवलेली फाइल पोहोचलीच नाही, असेही होते, कारण कूटबद्ध फाइलच्या आत विषाणू आहे की नाही हे ईमेलच्या सर्व्हरला तपासता येत नाही आणि काही कार्यालयांची व्यवस्था अशी फाइल परस्पर अडवून ठेवते.

उघडते, पण बदल करता येत नाही

पॉवरपॉइंटमध्ये दोन वेगळे पासवर्ड असतात: एक उघडण्याचा आणि दुसरा बदल करण्याचा. दुसरा लावलेला असेल तर चौकटीत रीड ओन्ली हे बटन असते. ते दाबून सादरीकरण पाहता येते आणि वर्गात दाखवताही येते. पुष्कळांना ते बटन दिसत नाही आणि ते पासवर्डाची वाट पाहत बसतात. बदलाच्या पासवर्डाने फाइल कूटबद्ध होत नाही, म्हणून लाभार्थ्यांची माहिती राखण्यासाठी त्याचा उपयोग शून्य आहे, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे.

वर पिवळी पट्टी दिसत असेल तर फाइल इंटरनेटवरून आल्यामुळे प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडलेली आहे किंवा तिला अंतिम म्हणून खूण केलेली आहे. पहिल्या स्थितीत एनेबल एडिटिंग आणि दुसरीत एडिट एनीवे हे बटन दाबावे, मात्र फाइल कोणाकडून आली आहे याची खात्री करूनच. पासवर्डाऐवजी ईमेल खात्याने साइन इन करण्यास सांगितले जात असेल तर ती व्यक्तिवार परवानगीची व्यवस्था आहे. तेथे पासवर्ड कामाचा नाही, पाठवणाऱ्याने त्या खात्याला परवानगी द्यावी लागते. मराठीऐवजी भलती इंग्रजी अक्षरे दिसत असतील तर फाइल व्यवस्थित उघडलेली आहे. त्या संगणकावर तो जुना फाँट नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाँट बसवावा किंवा, त्याहून चांगले, मूळ मजकूरच युनिकोडमध्ये करून घ्यावा.

पासवर्ड कोणालाच आठवत नसेल तर

पासवर्ड लावणाऱ्या व्यक्तीची बदली झाली आणि पासवर्ड तिच्याबरोबर गेला, ही स्थिती कठीण आहे. मायक्रोसॉफ्ट तो पासवर्ड परत मिळवून देऊ शकत नाही. २०१० पासूनच्या आवृत्त्यांत टाकलेला प्रत्येक पासवर्ड तपासण्यापूर्वी त्यावर एक लाख वेळा गणिती प्रक्रिया केली जाते, आणि ती मुद्दाम अशी ठेवलेली आहे की अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्याचा वेळ जावा. बरा लांब पासवर्ड असेल तर तो फोडण्याचा विचार सोडून द्यावा. त्या व्यक्तीला फोन करावा. जुन्या संगणकावर पासवर्ड लावण्यापूर्वीची प्रत, कोणाला पाठवलेली पीडीएफ किंवा छापील प्रत मिळते का ते पाहावे.

"फाइल चढवा, पासवर्ड काढून देतो" असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर कार्यालयाची फाइल कदापि चढवू नये. ज्या नावांसाठी, आधार क्रमांकांसाठी, बँक खात्यांसाठी पासवर्ड लावला, तीच सगळी माहिती आपण अनोळखी माणसाच्या हाती देत असतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा आता झालेला आहे. पण कायदा नसता तरी मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीचे गुण किंवा वणीजवळच्या शेतकऱ्याचा खाते क्रमांक सांभाळणे ही ती फाइल तयार करणाऱ्याची जबाबदारी राहिलीच असती.

पाठवणाऱ्याने आधीच करायच्या गोष्टी

खरा उपाय येथे आहे, आणि त्याची सुरुवात पासवर्ड लावण्यापूर्वी होते. तीस स्लाइडपैकी दोनच स्लाइडवर नावे असतील तर त्या दोन वेगळ्या फाइलमध्ये काढाव्यात. उरलेले सादरीकरण पासवर्डाशिवाय सर्वांना पाठवता येते, मोबाइलवरही उघडते आणि त्यावर दोघांना एकाच वेळी कामही करता येते, जे कूटबद्ध फाइलवर करता येत नाही. नावांची फाइल ज्यांना खरोखर हवी त्यांनाच, पासवर्डासह, पाठवावी. आलेख दाखवायचा असेल आणि तो एक्सेलमधून चिकटवलेला असेल तर त्याच्यामागे पूर्ण तक्ता तर आलेला नाही ना, हे आवर्जून पाहावे. तसा आला असेल तर आलेख चित्र म्हणून चिकटवावा.

पासवर्ड लावण्यासाठी फाइल, इन्फो, प्रोटेक्ट प्रेझेंटेशन आणि एन्क्रिप्ट विथ पासवर्ड या क्रमाने जावे. पासवर्ड पंधरा अक्षरांच्या आत, केवळ लहान रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक यांचा, ओ, शून्य, एल आणि एक वगळून ठेवावा. विशेष चिन्हे घालण्यापेक्षा अक्षरे वाढवलेली बरी. गावाचे नाव, शाळेचा युडायस क्रमांक किंवा चालू वर्ष पासवर्ड म्हणून ठेवू नये, कारण तो पहिल्याच अंदाजात सापडतो. पासवर्ड पुढे काढायचा झाला तर त्याच ठिकाणी जाऊन चौकट रिकामी करावी आणि फाइल साठवावी. बदलाचा पासवर्ड मात्र तेथे निघत नाही. त्यासाठी सेव्ह ॲजच्या खिडकीत खाली असलेल्या टूल्समधून जनरल ऑप्शन्समध्ये जावे लागते. पासवर्ड नसलेली मूळ प्रत कार्यालयाच्या संगणकावर जपून ठेवावी आणि पासवर्डाची नोंद कार्यालयप्रमुखाकडे बंद लिफाफ्यात द्यावी, म्हणजे बदलीचा प्रश्न उरत नाही.

जुन्या संगणकांवर चालावी म्हणून .पीपीटी प्रकारात साठवून पासवर्ड लावण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. त्या प्रकारातली कूटबद्धता जुन्या आरसी४ पद्धतीची आणि दुबळी आहे. २००७ पासूनच्या प्रकारात एईएस पद्धत आहे. समोर केवळ वाचायचेच असेल तर पासवर्ड लावलेली पीडीएफ हा जास्त चांगला मार्ग आहे, कारण पीडीएफ वाचणारे मोबाइल ॲप सहसा पासवर्ड व्यवस्थित विचारतात. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडून एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ निवडावे आणि सिक्युरिटी या भागात उघडण्याचा पासवर्ड द्यावा.

सर्वांना पाठवण्याआधी फाइल एकाच ठिकाणी पाठवावी: ज्या शाळेचा संगणक सर्वांत जुना आहे, तेथे. तिकडून "उघडली" असा निरोप आल्याशिवाय गटावर टाकू नये. ही एक पायरी पाळली तर वर सांगितलेल्यापैकी बहुतेक फोन येत नाहीत.

आणि फाइलसोबत चार ओळींचा निरोप द्यावा, तो असा: "ही .पीपीटीएक्स फाइल संगणकावर पॉवरपॉइंट २०१० किंवा त्यापुढच्या आवृत्तीत अथवा नव्या लिबरऑफिसमध्ये उघडावी. फाइलचा आकार बाइटमध्ये इतका आहे, उतरवल्यावर जुळवून पाहावा. पासवर्ड इंग्रजी कीबोर्डवर, सर्व लहान अक्षरांत टंकावा आणि आधी नोटपॅडमध्ये टंकून पाहावा. चौकट येत नसल्यास संदेशाचा फोटो पाठवावा, फाइलचे नाव बदलू नये." आकाराच्या जागी खरा आकडा लिहावा. पासवर्ड या निरोपात लिहू नये. तो प्रत्येक मुख्याध्यापकाच्या किंवा कृषी सहायकाच्या नोंदलेल्या क्रमांकावर स्वतंत्र एसएमएसने पाठवावा, आणि जेथे एसएमएस पोहोचत नाही तेथे फोनवर एकेक अक्षर सांगून, समोरच्याकडून ते परत वाचून घ्यावे.